मुका मार आणि लघवीची साक्ष

मोटारसायकल घसरते, हँडलचं टोक पोटात रुततं, माणूस उठून कपडे झटकतो. कातडीवर ओरखडा नाही, रक्त नाही. अशा माराला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: मुका मार. आत काय झालं ते हा मार बोलून दाखवत नाही. मग दोन तासांनी लघवीला गेल्यावर रंग चहासारखा किंवा सरळ लालभडक दिसतो आणि घरातले सगळे दवाखान्यात येतात. "डॉक्टरसाहेब, लघवी लाल होऊन राहिली. किडनी फुटली काय?"

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावात हा प्रश्न वरचेवर पडावा अशीच परिस्थिती आहे. गाव मेहकर–मालेगाव रस्त्यावरचं, वर्दळीचं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. तोही याच तालुक्यातून जातो. शेतातले अपघात वेगळेच: उलटलेला ट्रॅक्टर, बैलाची लाथ, विहिरीच्या काठावरून पडणं.

वरच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. लाल लघवी झालेल्या पुष्कळ रुग्णांत किडनीला नुसतं खरचटलेलं असतं. पण कोणी फारसं न विचारता गृहीत धरतं असं एक वाक्य आहे, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते: "लघवी साफ आहे, म्हणजे आत काही झालेलं नाही." या वाक्यावर विसंबून माणसांच्या किडन्या गेल्या आहेत. लघवी ही साक्षीदार आहे. तिची साक्ष कधी घ्यायची, कुठे तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि कुठे उलटतपासणी करायची, ते या प्रकरणात पाहू.

१. फिल्टर, नळ्या, टाकी आणि कॉक

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना ही रचना समजायला वेळ लागणार नाही. किडन्या म्हणजे दोन फिल्टर. पाठीकडच्या बाजूला, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला, चरबीच्या गादीत त्या बसलेल्या असतात. एकेक साधारण मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास. वजन एवढंसं, पण हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त फेकतं त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा या दोघींकडे जातो. म्हणून किडनीचा देठ, म्हणजे तिची रक्तवाहिनी, तुटली तर माणूस काही मिनिटांत गार पडू शकतो.

प्रत्येक फिल्टरमधून एक बारीक नळी खाली उतरते. ही मूत्रवाहिनी, सुमारे २५ सेंटिमीटर लांब. दोन्ही नळ्या लघवीच्या पिशवीत, मूत्राशयात, उघडतात. ही टाकी रबरी फुग्यासारखी आहे: रिकामी असली की ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात खोल दडलेली, चारशे-पाचशे मिलिलिटर भरली की वर पोटात डोकावणारी. तिच्या वरच्या भागावर पोटाचं पातळ अस्तर पसरलेलं असतं, बाकीचा भाग या अस्तराच्या बाहेर असतो. हा फरक आत्ता लक्षात ठेवा, पुढे त्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय ठरणार आहे. टाकीतून बाहेर जाणारा पाइप म्हणजे मूत्रमार्ग. पुरुषांत तो १८ ते २० सेंटिमीटरचा, बायकांत जेमतेम ४ सेंटिमीटरचा. पुरुषांत त्याचा मागचा भाग ओटीपोटाच्या हाडांना घट्ट बांधलेला असतो, म्हणून ती हाडं सरकली की पाइप ताणला जातो, कधी तुटतो.

२. मार आत पोहोचतो कसा

पहिली रीत सोपी: दाबला जाणं. बैलाची लाथ कमरेच्या वर बसली की किडनी बरगडी आणि मणक्याच्या मध्ये चेपते. दुसरी रीत मोडणं: बरगडीचं किंवा ओटीपोटाचं हाड तुटून त्याचं टोक घुसतं. तिसरी रीत लोकांना सहसा ठाऊक नसते, ती म्हणजे हिसका.

एक छोटं गणित करू. समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. किती उंचीवरून पडल्यावर माणूस या वेगाने जमिनीवर आपटेल? साधारण ५७ मीटर, म्हणजे एकोणीस मजली इमारत. गावातल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला बेताचा वाटतो. त्याचा हिशेब होतो सुमारे १० मीटर, तीन मजले. तीन मजल्यांवरून पडलेल्या माणसाला 'काही लागलेलं दिसत नाही' म्हणून आपण घरी पाठवणार नाही. मोटारसायकलवरून पडलेल्याला मात्र पाठवतो.

गाडी एकदम थांबते तेव्हा सीटबेल्टच्या पट्ट्याने धड थांबतं, पण किडनी देठावर लोंबणाऱ्या फळासारखी पुढे जातच राहते. देठ ताणला जातो. रक्तवाहिनीचं बाहेरचं आवरण लवचीक असतं, ते ताण सोसतं. आतलं अस्तर तेवढं ताणत नाही, ते फाटतं. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते आणि रक्तवाहिनी आतून बंद होते. आता असं पाहा: ज्या किडनीत रक्तच जात नाही, ती लघवीत रक्त कुठून सोडणार? ती लघवीच करत नाही. पिशवीत येते ती दुसऱ्या, धडधाकट किडनीची स्वच्छ लघवी. इकडे रक्ताविना राहिलेली किडनी काही तासांत मरून जाते. 'लघवी साफ आहे' हे वाक्य मला का खुपतं ते आता लक्षात येईल.

३. लाल रंगाचा अर्थ

लघवीतल्या रक्ताचे दोन प्रकार डॉक्टर मानतात. डोळ्यांना दिसणारं आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारं. दुसऱ्या प्रकारात एका दृश्यक्षेत्रात पाचाहून जास्त लाल पेशी दिसल्या तर ते रक्त धरतात.

रंगाच्या गडदपणावरून जखमेचा आकार ठरवता येत नाही. बादलीभर पाण्यात चमचाभर कुंकू टाकलं तरी पाणी लाल दिसतं, तसंच इथे. थोडंसं रक्तही लघवी लालभडक करतं आणि मोठी जखम कधी काहीच दाखवत नाही. मग रंगाचा उपयोग काय? पुढची तपासणी करायची की नाही, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये जॅक मॅकॅनिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून १९८०च्या दशकात जो नियम मांडला, तो थोड्याफार फरकाने आज जगभर वापरतात. मुका मार लागलेल्या मोठ्या माणसात डोळ्यांना रक्त दिसलं तर सीटी स्कॅन हवा. रक्त फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, पण वरचा रक्तदाब ९०च्या खाली एकदाही गेला असेल, तरी हवा. आणि लघवीत काहीही नसलं, पण मार जबर असेल, म्हणजे भरधाव गाडी, उंचावरून पडणं, खालच्या बरगड्या मोडणं, कुशीत काळंनिळं होणं, तरीही हवा.

तीन रुग्ण समोर ठेवू. पहिला, शेताच्या बांधावरून घसरून कुशीवर पडलेला. रक्तदाब १२४/८०, बरगड्या शाबूत, लघवी दिसायला स्वच्छ, तपासणीत दहा लाल पेशी. याला स्कॅनची घाई नाही. लघवी पुन्हा तपासायची, नजर ठेवायची. दुसरा, तसाच पडलेला, तेवढ्याच दहा पेशी, पण उचलून आणलं तेव्हा रक्तदाब ८०/५० होता, सलाइननंतर सुधारला. 'आता बरा आहे' म्हणून याला सोडायचं नाही, स्कॅन करायचा. तिसरा जीपमधला, ताशी शंभरने दुभाजकावर आदळलेला. लघवीत एकही पेशी नाही, कुशीत मात्र दुखतंय. याला तर सगळ्यांत आधी पाठवायचं. दुसऱ्याच्या बाबतीत जो रक्तदाब कामी आला तो रस्त्यावरचा किंवा पहिल्या दवाखान्यातला होता. तो कागदावर लिहिला गेला नाही तर पुढच्या डॉक्टरला हा रुग्ण पहिल्या रुग्णासारखाच दिसेल.

नमुना कोणता घ्यायचा, यालाही महत्त्व आहे. मार लागल्यानंतरची पहिली लघवी जपून ठेवावी. दोन-तीन वेळा लघवी झाल्यावर, किंवा सलाइन भराभर गेल्यावर, रक्त धुऊन निघतं आणि उशिरा घेतलेला नमुना स्वच्छ येतो.

लाल दिसणारं सगळं रक्त असतं असंही नाही. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने ती नारिंगी होते. आणि ट्रॉलीखाली मांडी तासन्‌तास चेंगरली असेल तर स्नायूंतलं लाल द्रव्य रक्तात उतरून लघवी गडद तपकिरी होते. लघवीत बुडवायच्या पट्टीची तपासणी तिला रक्तच म्हणते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडत नाहीत. हीही तातडीची अवस्था आहे, फक्त आजार वेगळा आहे: मूत्रमार्ग ठीक असतो, चेंगरलेल्या स्नायूंच्या मळीने फिल्टर तुंबत असतो. पाळी चालू असलेल्या बाईच्या लघवीत रक्त दिसलं तर ते पाळीचं म्हणून सोडून देऊ नये. नर्सने लघवीची नळी घालून नमुना घ्यावा. आपल्या बायका 'लघवीला रक्त गेलं' हे घरच्या पुरुषांसमोर बोलत नाहीत. पडदा लावून, एकटीला, थेट विचारावं लागतं.

४. किडनीचे फोटो, वेगवेगळ्या वेळी

सोनोग्राफी सगळीकडे पोहोचली आहे आणि अपघातात तिचा पहिला उपयोग मोठा आहे: पोटात पाणी साचलंय का, ते दोन मिनिटांत कळतं. पण ते पाणी रक्त आहे की लघवी, हे ती सांगू शकत नाही. आणि पोटात पाणी नसतानाही किडनी फाटलेली असू शकते, कारण किडनी पोटाच्या अस्तरामागे असते. 'सोनोग्राफी नॉर्मल' या कागदाने वरच्या तिसऱ्या रुग्णाला घरी पाठवता येत नाही.

जमिनीत पुरलेली पाइपलाइन फुटली की आपण काय करतो? पाणी सोडतो आणि जमीन कुठे ओली होते ते पाहतो. किडनीसाठी हीच युक्ती १९२९ साली बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टराने प्रत्यक्षात आणून दाखवली. आयोडीन असलेलं औषध शिरेतून द्यायचं. ते रक्तातून किडनीत जातं, गाळून लघवीत उतरतं, आणि एक्स-रेत हाडासारखं पांढरं दिसतं. लघवी जिवंत माणसाच्या शरीरातून वाहताना स्पष्ट दिसली. आजचा सीटी स्कॅनही याच औषधावर चालतो, फक्त शरीराचे चकत्यांसारखे फोटो घेतो.

घाईत एक चूक होते, ती समजून घ्या. औषध टोचल्यावर पहिल्या मिनिटा-दीड मिनिटात काढलेले फोटो रक्तवाहिन्या आणि किडनीचा गर दाखवतात. देठ शाबूत आहे का, गर कुठे चिरलाय का, ताजं रक्त वाहतंय का, हे कळतं. पण तोवर औषध लघवीत उतरलेलंच नसतं. मोटार चालू केल्या केल्या शेताच्या टोकाला गळती शोधावी तसं ते होईल. लघवी कुठे गळतेय हे पाहायचं तर साधारण दहा मिनिटं थांबून पुन्हा फोटो काढावे लागतात. यांना उशिराचे फोटो म्हणू. रुग्ण टेबलावरून उतरवला, मशीन दुसऱ्यासाठी मोकळं केलं, की हे फोटो राहून जातात. मूत्रवाहिनीची जखम मुक्या मारात फार क्वचित होते, पण झाली तर दिसते ती याच फोटोंत. तेव्हा निसटली तर आठवड्याने ताप, कुशीत दुखणं, पोटात साठलेली लघवीची गाठ अशा रूपात परत येते. स्कॅनच्या चिठ्ठीवर 'दहा मिनिटांनंतरचे फोटोही घ्यावेत' एवढं एक वाक्य लिहिलं तर हे टळतं.

स्कॅनवरून जखमेची प्रतवारी होते. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने १९८९ साली ती ठरवली आणि २०१८ साली सुधारली. मातीच्या घागरीवरून ती समजते. पहिली प्रत म्हणजे घागरीला पोचा, आतल्या आत थोडं रक्त साखळलेलं. दुसरी, एक सेंटिमीटरपर्यंतची चीर. तिसरी, त्याहून खोल चीर, पण पाणी गळत नाही. चौथीत चीर आरपार जाऊन लघवी बाहेर गळते. पाचवीत घागरीचे तुकडे होतात किंवा देठच तुटतो. नातेवाइकांना ऐकून आश्चर्य वाटतं की मुक्या माराच्या बहुतांश रुग्णांत, रक्तदाब स्थिर असेल तर चौथ्या प्रतीतही बरेचदा, पोट उघडावं लागत नाही. अंथरुणावर विश्रांती, रक्ताची वारंवार तपासणी, गरजेप्रमाणे पुन्हा स्कॅन. किडनीभोवतीचं घट्ट वेष्टन रक्ताला दाबून धरतं आणि रक्तस्राव आपोआप थांबतो. पोट उघडलं की हा दाब सुटतो आणि वाचू शकली असती ती किडनी काढून टाकावी लागते. 'ऑपरेशन का करत नाही' म्हणून डॉक्टरांवर चिडणाऱ्या घरच्यांना हे कोणीतरी बसून समजावायला हवं.

रक्तदाब सावरतच नसेल तर मात्र स्कॅनकडे न्यायचंच नाही, थेट शस्त्रक्रियागृहात. तिथे सर्जनला किडनी काढायची वेळ आली तर आधी एक गोष्ट पाहावी लागते: दुसरी किडनी आहे ना? साधारण हजारात एका माणसाला जन्मतः एकच किडनी असते आणि त्याला ते माहीत नसतं. टेबलावरच वजनाच्या दर किलोला दोन मिलिलिटर या हिशेबाने औषध टोचतात, साठ किलोच्या माणसाला १२० मिलिलिटर, आणि दहा मिनिटांनी एकच एक्स-रे काढतात. दुसऱ्या बाजूला पांढरी किडनी दिसली की जीव भांड्यात पडतो.

५. भरलेली पिशवी

आता या प्रकरणातला सगळ्यात कमी ओळखला जाणारा भाग.

पाण्याने भरलेला फुगा दोन्ही हातांनी दाबला तर तो सगळ्यात कमकुवत जागी फुटतो. लघवीच्या पिशवीची ही जागा म्हणजे तिचा वरचा घुमट, पोटाच्या अस्तराने झाकलेला. पिशवी रिकामी असती तर हाडांच्या कड्यात सुरक्षित राहिली असती. दारू प्यायलेल्या माणसाची पिशवी तुडुंब असते आणि त्याला जाणीव कमी, हे पुस्तकांत नेहमी लिहिलेलं असतं. मला त्यात आपल्याकडची आणखी एक नोंद घालावीशी वाटते. लांबच्या प्रवासात बायका तासन्‌तास लघवी दाबून धरतात, कारण रस्त्यावर स्वच्छ आणि सुरक्षित सोय मिळेल याची खात्री नसते. काहीजणी त्यासाठी पाणीही पीत नाहीत. भरल्या पिशवीवर सीटबेल्टचा झटका बसला तर धोका त्यांनाही तेवढाच आहे. महामार्गावरचं स्वच्छतागृह ही या अर्थाने अपघातातली इजा कमी करणारी सोय आहे, आणि तिची गणना तशीच व्हायला हवी.

घुमट फुटला की लघवी पोटाच्या पोकळीत जाते. सुरुवातीला ती निर्जंतुक असते, म्हणून पोट एकदम कडक होत नाही, दुखणंही मोघम असतं. रुग्ण 'लघवीला होत नाही' म्हणतो, नळी टाकली तर थोडी लाल लघवी येते. दोन दिवसांनी पोट फुगतं, रक्ततपासणीत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची द्रव्यं, वाढलेली येतात, आणि कुटुंबाला सांगितलं जातं की किडनी निकामी झाली, डायलिसिस लागेल.

किडन्या मात्र ठणठणीत असतात. काय घडतं ते असं. पोटाचं अस्तर पातळ गाळणीसारखं आहे. त्याच्याच आधारे काही किडनीरुग्ण घरी पोटाचं डायलिसिस करतात: पोटात द्रव सोडायचा, रक्तातली घाण अस्तरातून त्यात उतरते, मग तो काढून टाकायचा. पिशवी फुटल्यावर नेमकं उलटं होतं. लघवीतली घाण अस्तरातून परत रक्तात शिरते. किडनीने बाहेर टाकलेलं पुन्हा घरात येतं. अपघातानंतर लगेच क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर तो बहुधा आधीचा आजार, कारण किडनीला मार लागल्याने ते इतक्या लवकर वाढत नाही. आलं तेव्हा नॉर्मल, नंतर भराभर वाढत गेलं आणि पोट फुगलं, तर पिशवीचा संशय घ्यायचा.

दुसरा प्रकार ओटीपोटाचं हाड मोडल्यावरचा, आणि तोच जास्त आढळतो. यात पिशवी खालच्या बाजूला, अस्तराबाहेर फाटते आणि लघवी हाडांभोवतीच्या मऊ भागात झिरपते. ओटीपोटाचं हाड मोडलंय आणि लघवी डोळ्यांना लाल दिसतेय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पिशवीचा फोटो काढलाच पाहिजे. यात 'बघू' नाही.

तो कसा काढतात? इथे पुन्हा ठिबकची नळी आठवा. नळीला बारीक चीर असली तरी पाणी बंद असताना ती दिसत नाही. मोटार चालू करून दाब आला की फवारा उडतो. पिशवीचंही तसंच आहे. स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध किडनीवाटे पिशवीत उतरेलच, नळीला चिमटा लावून ठेवू, असं कोणी म्हणालं तर हिशेब मांडून पाहा. लघवी मिनिटाला एक ते दोन मिलिलिटर धरली तरी दहा मिनिटांत दहा-वीस मिलिलिटर, म्हणजे दोन ते चार चमचे. पिशवी ताणली जायला निदान तीनशे मिलिलिटर लागतात. तेव्हा नळीतूनच, खालून वर, पातळ केलेलं औषध तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर सोडायचं आणि मग फोटो काढायचा. अर्धवट भरलेल्या पिशवीच्या फोटोत आकसलेल्या स्नायूने बंद केलेली चीर लपून जाते.

साध्या एक्स-रेवर हा फोटो काढला तर आणखी एक काढावा लागतो, पिशवी रिकामी केल्यावरचा. भरलेल्या पांढऱ्या गोळ्यामागे गळती झाकली जाते. तो गोळा गेला की मागे उरलेला पांढरा डाग दिसतो. औषध आतड्यांच्या वेटोळ्यांमध्ये पसरून त्यांच्या कडा उठून दिसत असतील तर पिशवी पोटात फुटली आहे: शस्त्रक्रिया करून शिवायची. औषध ज्वाळेच्या जिभांसारखं हाडांभोवती पसरलं असेल तर अस्तराबाहेर फाटली आहे: बहुतेकांना दोन ते तीन आठवडे नळी ठेवली की ती आपली आपण भरून येते, आणि नळी काढण्याआधी असाच फोटो पुन्हा काढतात. हाडाचा तुकडा पिशवीत घुसला असेल किंवा गुदाशयाला, योनीमार्गाला जखम असेल तर मात्र यालाही शस्त्रक्रियाच.

या तपासणीला सीटी मशीन लागतंच असं नाही. साधं एक्स-रे यंत्र, एक नळी आणि औषधाची बाटली पुरते.

६. नळी टाकण्याआधी

अपघाताचा रुग्ण आला की लघवीची नळी टाकायची, ही सवय हाताला इतकी पडलेली असते की कोणी थांबत नाही. पुरुष रुग्णात आधी एकदा इंद्रियाच्या टोकाकडे पाहायला हवं. तिथे रक्ताचा थेंब आहे का? लघवीची कळ आहे, पिशवी वर फुगलेली हाताला लागते, पण लघवी होत नाही, असं आहे का? ओटीपोटाचं हाड मोडलंय का? दोन मांड्यांच्या मध्ये फुलपाखराच्या आकाराचा काळानिळा डाग आहे का? हा डाग सायकलच्या दांडीवर किंवा भिंतीच्या कडेवर दोन्ही पाय फाकून आदळलेल्यांत दिसतो. पुढचा मूत्रमार्ग हाडाच्या कमानीवर चिरडलेला असतो.

यांपैकी काही असेल तर मूत्रमार्ग अर्धवट फाटलेला असू शकतो, आणि अंदाजाने सरकवलेली नळी त्या फाटीतून बाहेर जाऊन तो पूर्ण फाडू शकते. थांबायचं. रुग्णाला थोडं कुशीवर वळवायचं, मूत्रमार्गाच्या टोकातून वीस-पंचवीस मिलिलिटर औषध हलकेच सोडायचं आणि एक्स-रे काढायचा. पांढरी रेघ सलग पिशवीपर्यंत गेली तर नळी खुशाल टाका. वाटेत बाहेर पसरली तर नळी खालून नाही, बेंबीखालून पोटातून थेट पिशवीत टाकतात. यालाही साधं एक्स-रे यंत्रच पुरतं.

बायकांचा मूत्रमार्ग आखूड आणि सुटा असल्याने तो क्वचित फाटतो. पण ओटीपोटाचं हाड मोडलेल्या बाईला योनीतून रक्त येत असेल तर तिथली तपासणी टाळू नये, संकोचामुळे तर मुळीच नाही.

७. लहान मुलं

मुलांच्या बाबतीत नियम थोडे कडक ठेवावे लागतात. त्यांची किडनी शरीराच्या मानाने मोठी, भोवतीची चरबी कमी, बरगड्या लवचीक. सायकलचं हँडल पोटात लागलं तरी किडनीला इजा होते, आणि हिसक्याने किडनी व मूत्रवाहिनीचा सांधा निखळणंही मुलांतच जास्त. शिवाय मुलाचं शरीर बरंच रक्त गेलं तरी रक्तदाब टिकवून धरतं, मग एकदम कोसळतं. म्हणून मुलांत रक्तदाब चांगला आहे यावर विसंबत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पन्नासहून जास्त लाल पेशी दिसल्या, किंवा मारच जोराचा असला, तर फोटो काढतात. किरकोळ माराने मुलाला खूप लाल लघवी झाली तर किडनीत आधीपासून काही दोष होता का, तेही शोधतात. कित्येकदा जन्मजात सुजलेली किडनी अशा वेळीच पहिल्यांदा सापडते.

८. डोणगावहून निघताना

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. डोणगावचा रुग्ण आधी मेहकरच्या ग्रामीण रुग्णालयात, मग बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, किंवा २००२ साली सुरू झालेल्या अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातो. बुलढाणा आणि वाशिम इथल्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. ती पूर्ण ताकदीने चालू लागली की हे अंतर आणखी कमी होईल. पण आजही रुग्ण दोन-तीन हात बदलत पुढे सरकतो आणि प्रत्येक हाताबरोबर थोडी माहिती गळते.

वाटेत लघवी मोजली तर खूप कळतं. मोठ्या माणसाला दर किलो वजनाला तासाला अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस. दोन तासांच्या प्रवासात नळीला जोडलेल्या पिशवीत साठ मिलिलिटर जमायला हवी. वीसच जमली तर तीन शक्यता: रक्त कमी पडतंय, नळी गुठळीने तुंबली आहे, किंवा लघवी दुसरीकडेच जाते आहे. तिन्ही तातडीच्या.

म्हणून पाठवणाऱ्या चिठ्ठीत, औषधांच्या यादीच्या आधी, काही ओळी असाव्यात. अपघात किती वाजता, कसा झाला, गाडीचा अंदाजे वेग काय. सगळ्यात कमी रक्तदाब किती आणि केव्हा मोजला. पहिल्या लघवीचा रंग, आणि नमुना सोबत दिला असेल तर तसं. नळी टाकली की नाही, नसेल तर का नाही. यातल्या बहुतेक गोष्टी सोबतच्या माणसाला ठाऊक असतात. एक मात्र फक्त रुग्ण सांगू शकतो, आणि तो शुद्धीवर आहे तोवरच विचारून घ्यावी लागते: अपघाताआधी लघवीला कधी गेला होतात?